माडीच्या तेरा पायऱ्या

प्रिय मावशी,

रायगड जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, आम्हा बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग जुनं. बायकांनी वर माडीवर बसायचं. जिना लाकडी आणि उभा, तेरा पायऱ्यांचा. कठडा एकाच बाजूला आहे, तोही हलतो. माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या, गुडघे पार गेलेत. त्यांच्यासारख्या आणखी चौघी आहेत. गेल्या चार वर्षांत एकेक करून पाचही जणी शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, यायच्या बंद झाल्या.

माझं मागणं साधं आहे. खाली मागच्या बाजूला दोन बाकं टाकून पुढे लाकडी जाळी लावावी आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवावा. चार वर्षांत सहा वेळा सांगितलं. "माडी पूर्वापार आहे", "देणगीदार मिळाला की बघू", "पुढच्या मीटिंगला घेऊ" हीच उत्तरं मिळाली. गेल्या सिम्हाथ तोराला, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाचं, तोराचं, वाचन पुरं होण्याच्या सणाला, जेवणाच्या पंगतीत मी पुन्हा विषय काढला, तर एक ट्रस्टी सगळ्यांसमोर म्हणाले, "झाली का रेकॉर्ड सुरू?" सगळे हसले. मी घरी येऊन रडले.

नवरा म्हणतो, सोड आता. भाऊ म्हणतो, वर तक्रार कर. सासूबाई म्हणतात, "माझ्यासाठी भांडू नकोस, मी घरी तेहिल्लीमची स्तोत्रं वाचते, देव तिथंही ऐकतो." माझ्या दोन मैत्रिणी इस्रायलमध्ये अश्दोदला गेल्या, त्यामुळे बाजूनं बोलणारंही कुणी उरलं नाही. मावशी, एकच विचारायचंय. आपल्या शास्त्रात कुठं थांबायचं ते लिहिलंय का?

— एक सून

प्रिय सूनबाई,

हो, लिहिलंय. तुझ्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर आहे की तुझं पत्र वाचून मी उठले आणि पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

तालमूद म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांचा आपला ग्रंथ. त्याच्या आराखिन या भागात हाच प्रश्न घेतलाय: एखाद्याची कानउघाडणी कुठवर करत राहायची? तीन जुन्या पंडितांची उत्तरं तीन आहेत. राव म्हणतात, समोरचा हात उगारेपर्यंत. श्मुएल म्हणतात, तो शिव्याशाप देईपर्यंत. रब्बी योहानान म्हणतात, तो झिडकारेपर्यंत. म्हणजे रब्बी योहानानांच्या मापानं तुझं कर्तव्य त्या पंगतीतच पुरं झालं. सगळ्यांसमोर "रेकॉर्ड" म्हणणं म्हणजे झिडकारणंच. त्या दिवसापासून तू एक शब्द बोलली नसतीस तरी तुला कुणी दोष देऊ शकलं नसतं. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रात थकवा दिसतो, आणि थकलेल्या माणसाला आधी त्याचा हक्काचा विसावा द्यावा.

पण ते पान तिथंच संपत नाही. ही तिन्ही उत्तरं एकाच प्रसंगावरून काढलेली आहेत. शौल राजाचा मुलगा योनाथान आपल्या मित्राची, दावीदची, बाजू घेऊन बापासमोर बोलला. बाप संतापला, त्यानं मुलाला घालूनपाडून बोलून घेतलं आणि शेवटी भाला फेकला. मग तालमूद विचारतं, हद्द जर आधीच येते, तर योनाथान भाल्यापर्यंत कशाला थांबला? उत्तर असं की दावीदवर त्याची माया फार होती, म्हणून तो नेमापलीकडे गेला. शास्त्र त्याला वेडा म्हणत नाही आणि दुसऱ्या कुणाला तसं वागायची सक्तीही करत नाही.

तू सासूसाठी बोलतेस. चार वर्षं. योनाथानाची गोष्ट तुला कळायला माझी गरज नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. आराखिनमधली ती हद्द कानउघाडणीची आहे, म्हणजे "तुम्ही चुकताय" असं कुणाला त्याच्या तोंडावर सांगण्याची. तुझं काम तेवढंच नाही. तू एक जागा मागतेस, आणि ती ज्यांची आहे त्यांच्यासाठी मागतेस. या दोन गोष्टी तुझ्या मनात एकमेकींत गुंतल्यात, आणि ट्रस्टींच्या मनात तर नक्कीच गुंतल्यात. तू बाकं मागतेस, त्यांना ऐकू येतं की "तुम्ही म्हाताऱ्यांना विसरलात." म्हणून माझा सल्ला असा: कानउघाडणी थांबव. ती पुरी झाली. मागणं मात्र चालू ठेव, आणि आजवर मागितलंस त्याहून वेगळ्या रीतीनं माग.

तुला वाटेल, मावशी शब्दांची कसरत करते. तसं नाही, बघ. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात जिथं शेजाऱ्याला बजावायला सांगितलंय तिथं हिब्रूत क्रियापद दोनदा येतं: होखेअह तोखिअह. आपण मराठीत "सांगून सांगून" म्हणतो तसंच. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात रावांच्या नंतरच्या पिढीतल्या रावा नावाच्या पंडिताला कुणीतरी विचारतं, दोनदा शब्द आलाय म्हणजे दोन वेळाच सांगायचं का? रावा म्हणतो, नाही, पहिल्या शब्दातच शंभर वेळा आलं. मग दुसरा शब्द कशाला? तर गुरूनं शिष्याला सांगावं हे उघडच आहे, पण शिष्यानंही गुरूला सांगावं म्हणून. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. शंभराचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण लहानानं मोठ्याला, सुनेनं ट्रस्टींना सांगण्याची मुभा त्याच वचनात आहे, हे कुणी सांगत नाही.

त्याच वचनाचा शेवट आहे, "त्याच्यामुळे तू पाप ओढवून घेऊ नकोस." याचा अर्थ जाणत्यांनी असा लावला की सांगताना समोरच्याचा चेहरा उतरेल असं करू नये. चारचौघांत लाजवू नये. त्या ट्रस्टींनी तुला चारचौघांत लाजवलं ते वाईटच, मला ते वाचून राग आला. पण बाळ, विषय पंगतीत काढलास तो तू. सणाच्या जेवणात, सगळ्यांसमोर, पाचव्या की सहाव्या वेळी. त्या माणसाला तिथं "हो" म्हणायला जागाच नव्हती. मान्य केलं असतं तर चार वर्षं झोपा काढल्या हे पंगतीसमोर कबूल करावं लागलं असतं. तालमूदच्या येवामोथ या भागात एक वचन आहे: जे ऐकलं जाईल ते सांगणं जसं पुण्य, तसं जे ऐकलं जाणार नाही ते न सांगणं हेही पुण्य. हे वचन गप्प बसायला निमित्त म्हणून फार वापरलं जातं, मला ते आवडत नाही. मी ते वेळेचं आणि जागेचं वचन म्हणून वाचते. पंगत ही जागा नव्हे.

आराखिनमध्येच दोन रब्बींचं एक बोलणं आहे. रब्बी तार्फोन म्हणतात, या पिढीत कानउघाडणी मनावर घेणारा कुणी आहे का, याचंच मला नवल वाटतं. दातातली काडी काढ म्हटलं तर समोरचा म्हणतो, आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ. त्यावर रब्बी एलाझार बेन अझार्या म्हणतात, मला नवल वाटतं ते याचं की या पिढीत कानउघाडणी करायला कुणाला येतं का! दोघांचंही बरोबर आहे. तू सध्या पहिल्याच्या बाजूनं विचार करतेस. थोडे दिवस दुसऱ्याच्या बाजूला येऊन बस.

आता माझी एक गोष्ट. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. सुरुवातीच्या शाळेत मोठ्या मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. सातवी-आठवीच्या पोरी महिन्यातले चार दिवस घरी राहायच्या. मी मुख्याध्यापकांना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी फाईलवरून मान वर केली नाही. मी ठरवून टाकलं, हे ऐकणार नाहीत. पुढं माझी बदली झाली. पुष्कळ वर्षांनी ते एका लग्नात भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, "बाई, तुम्ही नंतर काही बोलला नाहीत, मला वाटलं अडचण मिटली." ते खोटं बोलत नव्हते, मी त्यांचा चेहरा पाहिला. मी सोडून दिल्यावर त्या शाळेतून किती मुलींच्या तुकड्या गेल्या ते मी त्या रात्री मोजलं, आणि ते मोजणं अजून सुटलेलं नाही.

तेव्हापासून तालमूदच्या शब्बाथ नावाच्या भागातली एक कथा माझ्या मनात घर करून आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायात यरुशलेमचा नाश व्हायच्या आधी माणसांच्या कपाळावर खूण करायला सांगितलंय. तालमूद सांगतं, देवानं गब्रिएल या दूताला म्हटलं, सज्जनांच्या कपाळावर शाईची खूण कर आणि दुर्जनांच्या कपाळावर रक्ताची. तेव्हा न्याय स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, यांच्यात आणि त्यांच्यात फरक काय? देव म्हणाला, हे पुरे नीतिमान, ते पुरे दुष्ट. न्याय म्हणाला, यांना अडवता आलं असतं, यांनी अडवलं नाही. देव म्हणाला, अडवलं असतं तरी त्या लोकांनी ऐकलं नसतं, हे मला ठाऊक आहे. आणि न्यायानं विचारलं: जगाच्या धन्या, तुला ठाऊक होतं, पण यांना ठाऊक होतं का?

मला ठाऊक नव्हतं. मी ठाऊक आहे असं धरून चालले. "नाही" म्हणायचं तर त्यांनी म्हणू दे, सूनबाई. त्यांच्या वतीनं तू म्हणू नकोस. आणि तुझ्या पत्रात मी शोधलं, त्यांनी आजवर "नाही" म्हटलेलंच नाही. "बघू" म्हटलंय, "पुढच्या मीटिंगला" म्हटलंय, आणि हसले आहेत.

आता सलाफहादच्या मुली. तुला त्यांची गोष्ट माहीत असणार, पण आपण ती अर्धीच सांगतो.

महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. तोरामध्ये पाचही जणींची नावं आहेत, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बाप वाळवंटात वारला, मुलगा नाही. जमिनीची वाटणी व्हायची होती आणि वाटणी मुलग्यांच्या हिशेबानं होती. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मोशेसमोर, एलाजार याजकासमोर, सरदारांसमोर, साऱ्या मंडळीसमोर. त्यांनी काय म्हटलं ते नीट बघ. "हा कायदा वाईट आहे" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव त्याच्या कुळातून का पुसलं जावं? बापाचं नाव आणि कूळ ही त्या सरदारांचीच भाषा होती. मोशेला उत्तर सुचलं नाही, त्यानं प्रश्न देवापुढे नेला, आणि देव म्हणाला, सलाफहादच्या मुली रास्त बोलतात.

तालमूदच्या बावा बात्रा या भागात म्हटलंय की या मुली शहाण्या होत्या, कारण त्या वेळ पाहून बोलल्या. मोशे तेव्हा निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करण्याचा नियम शिकवत बसला होता. त्यांनी तोच धागा पकडला: आम्ही मुलग्यांसारख्या असू तर वाटा द्या, नसू तर आमच्या आईला दिराशी लग्न करू द्या. म्हणजे विषय त्यांनी काढला नाही, विषय निघालेलाच होता. पंगत आणि धडा यांतला फरक हा.

यानंतरचा भाग कीर्तनात येत नाही. तोरातल्या गणना या पुस्तकाच्या 36व्या अध्यायात त्यांच्याच वंशातले वडीलधारे तक्रार घेऊन आले: या मुली दुसऱ्या वंशात लग्न करतील, मग जमीन तिकडे जाईल. तडजोड झाली, मुलींनी आपल्याच वंशात लग्नं करायची. त्यांनी मान्य केलं. मला ती अट आवडत नाही, पण त्यांनी तेवढ्यासाठी हातातली जमीन सोडली नाही. आणि त्याहून पुढचं, यहोशवाच्या 17व्या अध्यायात. मोशे गेला, यार्देन नदी ओलांडली, प्रत्यक्ष वाटप सुरू झालं, आणि या पाच जणी पुन्हा येऊन उभ्या. आता यहोशवासमोर. "आम्हांला वतन द्यावं अशी देवानं मोशेला आज्ञा केली होती." स्वतः देवानं मान्य केलेली गोष्ट पुन्हा जाऊन मागावी लागली! तेव्हा कुठं जमीन हातात आली.

म्हणून तुला आताच सांगून ठेवते. मीटिंगमध्ये ठराव झाला म्हणजे कठडा बसला असं नव्हे. सुतार येईपर्यंत तुला आणखी दोनदा तरी जावं लागेल. तेव्हा "झालेलं पुन्हा काय मागायचं" असं वाटू देऊ नकोस.

तुझ्या पत्रातला एक आकडा मी दोनदा वाचला. सासूबाई आणि आणखी चौघी. पाच. आणि या पाचांपैकी एकही जण आजवर बोललेली नाही. सहाही वेळा तूच बोललीस. तू तरुण, दोन-दोन पायऱ्या चढून जाणारी. ट्रस्टींच्या डोळ्यांपुढे माडीवर न येऊ शकणारं माणूस कधी आलंच नाही, कारण ती माणसं घरात आहेत. त्या माडी चढू शकत नाहीत, पण दारापर्यंत येऊ शकतात. त्या मुली दाराशीच उभ्या होत्या.

पिन्हासचा परशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा पाठ, पावसाळ्यात येतो, जुलैच्या आसपास. सलाफहादच्या मुलींचा भाग त्यात वाचला जातो. त्या शब्बाथला पाचही जणींना आण. कुणाच्या तरी मुलांना सोबत घ्या, हात धरून हळूहळू आणा. दाराशी खुर्च्या टाका. प्रार्थना चालवणाऱ्या हझानला आधी सांगून ठेव, सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शमाशला सांगून ठेव, म्हणजे कुणाला गाफील पकडल्यासारखं होणार नाही. त्या दिवशी भाषण नको. त्यांनी नुसतं बसावं आणि वाचन ऐकावं. शब्बाथ आहे, मागणी-अर्ज त्या दिवशी करायचेही नाहीत. अर्ज पुढच्या आठवड्यात, साध्या वारी, सेक्रेटरींच्या हातात.

अर्ज एका पानाचा असू दे. मागच्या चार वर्षांचा पाढा त्यात नको. दोन बाकं, एक जाळी, एक कठडा. जवळच्या सुताराकडून आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून लेखी कोटेशन घे आणि जोड. "देणगीदार मिळाला की बघू" याला आजवर तुझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण किती पैसे लागतील हे कुणालाच माहीत नव्हतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे आणि तारीख टाकून घे.

पैशांबद्दल एक सांगते, तुझ्या मनात आलं असेल म्हणून. सगळा खर्च तू एकटीनं करू नकोस. तसं केलंस तर ती तुझी भेट होईल, आणि भेट नको म्हणता येते. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात अर्ध्या शेकेलच्या वर्गणीचा नेम आहे: श्रीमंतानं जास्त द्यायचं नाही, गरिबानं कमी द्यायचं नाही. गावात मोजकीच घरं उरली असतील. प्रत्येक घराकडून सारखीच, परवडेल अशी लहान रक्कम माग. त्या ट्रस्टींच्या घरीही जा, इतरांइतकेच पैसे माग, पंगतीची आठवण काढू नकोस. ज्यानं कठड्यासाठी पैसे दिलेत तो मीटिंगमध्ये कठड्याच्या विरुद्ध बोलायला कचरतो, हा माझा अनुभव आहे.

आणि मीटिंगमध्ये तरीही फेटाळलं तर? तर एकच आग्रह धर, की इतिवृत्तात लिहिलं जावं. कुणी मागितलं, काय मागितलं, किती जणांनी नको म्हटलं, बाजूनं कोण होतं. तालमूद ज्यावर उभा आहे त्या मिश्नाच्या एदुयोथ या भागात विचारलंय, नेम जर बहुमतानं ठरतो तर एकट्या पडलेल्याचं मत नोंदवून का ठेवायचं? कारण पुढं एखाद्या न्यायमंडळाला ते पटलं तर त्यांना त्याचा आधार घेता यावा. आज फेटाळलेली ओळ उद्याच्या माणसासाठी जपून ठेवणारं शास्त्र आपलं आहे. पाच वर्षांनी नवी कमिटी येईल, त्यांच्यातल्या कुणाची तरी आई तोवर 78ची झालेली असेल.

भाऊ म्हणतो तक्रार कर. 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, हे मलाही ठाऊक आहे, आणि त्या वाटा वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण लेखी अर्ज एकदाही न देता तिथं जाणं मला रास्त वाटत नाही. आधी घरातलं दार पुरतं ठोठावून झालं पाहिजे. ते झाल्यावरही तोंडाला पानं पुसली गेली, तर मला पुन्हा लिही, मग आपण त्याबद्दल बोलू. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

नवरा म्हणतो सोड. त्याला चिडू नकोस. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मोशे लोकांची गुलामीतून सुटका मागायला पहिल्यांदा मिसरच्या राजाकडे, फारोकडे, गेला तेव्हा सुटका राहिली बाजूला, विटांसाठी मिळणारा पेंढा बंद झाला आणि विटांची संख्या तेवढीच ठेवली. लोकांनी मोशेलाच बोल लावला. पुढच्या अध्यायात तो पुन्हा सांगायला गेला तर त्यांनी ऐकलं नाही, आणि का ते तोरा सांगते: धाप लागलेली होती, काम कष्टाचं होतं. त्यांना वाईट म्हटलेलं नाही. तुझ्या नवऱ्याला तू रडत घरी आलेली दिसलीस. तो तेवढंच बघतोय. त्याला बोलण्यात ओढू नकोस, कोटेशन आणायला पाठव.

तू लिहितेस, बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही. हे वाचून मला ठाण्यातलं आमचं घर आठवलं. 1964 साली मी दहा वर्षांची होते. माझे काका इस्रायलमध्ये बेर शेवाला होते, त्यांची निळी हवाई पत्रं यायची, मराठीत, बारीक अक्षरात कडेपर्यंत लिहिलेली. 1962मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं सूचना काढल्या होत्या की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंशी लग्न नोंदवताना त्याच्या आईची, आजीची, आणि त्याही मागची, जमेल तितकी पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात, हातात ग्रंथ नसताना, शेकडो वर्षं शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, इतका की गावानं नावच शनवार तेली ठेवलं, त्यांना विचारलं जात होतं की तुम्ही ज्यू कशावरून. काकांच्या पत्रातलं एक वाक्य वडील आईला वाचून दाखवत होते ते मला आठवतं: "इथं येऊन आम्ही पुन्हा तेलीच झालो."

ते लोक गप्प बसले नाहीत. संख्येनं थोडे, हिब्रू कच्चं, नोकऱ्या नव्या. अर्ज केले, सभा घेतल्या. 1964च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये इस्रायलमध्ये येणाऱ्या ज्यूंना वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या इमारतीपाशी बायकामुलांसह ठिय्या दिला, उपोषणं केली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, इतर ज्यूंइतकेच हक्काचे. मग रब्बींच्या कार्यालयालाही सूचनांतून आपल्या समाजाचं नाव काढावं लागलं. चौकशीची पद्धत एका दिवसात संपली नाही, काहींना पुढेही त्रास झाला. पण तुझ्या मैत्रिणी आज अश्दोदला आहेत आणि त्यांच्या मुलांची लग्नं तिथं लागतील, ती त्या ठिय्यामुळे सोपी झाली आहेत. त्या मैत्रिणी दूर गेल्यात, गेलेल्या नाहीत. त्यांना फोन कर. त्यांच्या आया कदाचित त्या पाचांतल्याच असतील. अर्ध्या शेकेलच्या यादीत त्यांची घरं घाल.

आणि मधे कधी जीव कंटाळला तर महिनाभर काही करू नकोस. अमालेकाशी लढाई चालली होती तेव्हा मोशेचे हात जड झाले, तर त्याला "हात वर ठेव" असं कुणी बजावलं नाही. त्याच्याखाली धोंडा सरकवला, तो त्यावर बसला, आणि अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले. मघाशी ज्या रब्बी तार्फोनांचं सांगितलं, ज्यांना या पिढीत कुणी ऐकेल असं वाटत नव्हतं, त्यांचंच मिश्नातल्या पिर्के आवोथमधलं वचन आहे: काम पुरं करणं तुझ्यावर नाही, आणि ते टाकून द्यायलाही तू मोकळा नाहीस. कुणी ऐकत नाही हे पुरतं माहीत असलेल्या माणसानं हे म्हटलंय, म्हणून मी ते मानते.

राहता राहिल्या सासूबाई. "माझ्यासाठी भांडू नकोस" असं त्या म्हणतात, ते मायेनं म्हणतात. पण त्यांना एकदा निवांत विचार, शेवटचं हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, उघडताना त्यांनी कधी पाहिलं. सेफेर तोरा, तोराची गुंडाळी, बाहेर काढताना पदर पुढे करून बोटं ओठांना लावायची त्यांची सवय असेल, तर ती कधीपासून सुटली. घरी तेहिल्लीम वाचता येतं, हे खरं. पण हेखाल घरी उघडत नाही. त्या काय सांगतात ते ऐकून घे, मधे बोलू नकोस, आणि त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य अर्जाचं पहिलं वाक्य कर. त्यांच्याच शब्दांत, तुझ्या नव्हे.

मग अर्ज त्यांच्यापुढे ठेव. पहिली सही त्यांची घे. हात थरथरत असेल तर वेळ लागू दे.

तुझी,
मावशी